दुकान ‘वाढवले’ म्हणजे काय केले?



दिवसभराचा धंदा आटोपतो. रात्र होते. वाणी गल्ला मोजतो, फळ्या लावतो, कुलूप घालतो आणि शेजाऱ्याला म्हणतो, “चला, दुकान वाढवलं.”

दुकान वाढवले म्हणजे काय केले? मोठे केले काय? नाही. बंद केले. पण ‘बंद’ हा शब्द वाण्याला नको वाटतो. दुकान बंद झाले म्हणजे धंदा बुडाला, असा त्याचा दुसरा अर्थ मनात येतो. म्हणून तो अगदी उलटा, शुभ शब्द वापरतो.

असे शब्द आपण सगळेच रोज वापरतो. देवापुढे आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. समई विझत नाही, शांत होते. घरून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. लहान मूल चुकून ‘जाते’ म्हणाले, तर आजी लगेच टोकते, “जाते म्हणू नये गं. येते म्हणावं.”

एखादी गोष्ट अशुभ असते, दुःखाची असते, लाजेची असते. ती उघड्या शब्दाने न सांगता आपण दुसऱ्या मऊ शब्दाने सांगतो. मराठीच्या व्याकरणात आडवळणाने सांगण्याच्या या रीतीला ‘पर्यायोक्ती’ असे नाव आहे. पर्याय म्हणजे दुसरी वाट, उक्ती म्हणजे बोलणे. “त्यांचा मुलगा सध्या सरकारचा पाहुणा आहे,” असे कोणी म्हणाले, की मुलगा तुरुंगात आहे हे आपण ओळखतो. हे नाव अवघड आहे. या धड्यात आपण त्याला ‘मऊ शब्द’ म्हणू.

मऊ शब्द चांगले की वाईट? याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. काही मऊ शब्द पांघरुणासारखे असतात. ते ऊब देतात. काही मऊ शब्द खड्ड्यावर टाकलेल्या गवतासारखे असतात. वरून हिरवे दिसते, पण पाय टाकला की माणूस आत जातो. कोणता शब्द कसला आहे, हे ओळखता आले पाहिजे. त्यासाठी हा धडा.

भीतीचे शब्द

रात्री सापाचे नाव घेऊ नये, घेतले तर तो येतो, अशी जुनी समजूत आहे. म्हणून खेड्यात रात्री कोणी ‘साप’ म्हणत नाही. ‘लांबडं’ म्हणतात, ‘जनावर’ म्हणतात. साप चावला तर “त्याला पान लागलं” म्हणतात.

घरात असे बोलायला हरकत नाही. पण दवाखान्यात काय सांगाल? डॉक्टर परगावचे असतील. ‘पान लागलं’ हा शब्द त्यांनी कधी ऐकलाही नसेल. तेथे सरळ सांगितले पाहिजे : “साप चावला. अमुक वाजता चावला. पायाला चावला.” साप पाहिला असेल, तर तो कसा दिसत होता तेही सांगावे. सापाला शोधत किंवा मारत बसू नये.

आपल्याकडे सापाच्या विषाने माणसे दगावतात, ती बहुतेक चार जातींच्या सापांमुळे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. या चारही सापांच्या विषावर चालणारे औषध आहे. त्याला प्रतिविष म्हणतात. ते शिरेतून देतात. मंत्राने विष उतरत नाही. मण्यार रात्री झोपेत चावते, आणि पुष्कळदा तेथे दुखत नाही, सूजही येत नाही. “काहीतरी लागलं असेल, सकाळी पाहू,” म्हणून माणूस पडून राहतो. तेवढ्यात फार उशीर होतो. सापाचे नाव घेतल्याने साप येत नाही. वेळेवर नाव घेतले, तर औषध मात्र मिळते.

दुसरे उदाहरण देवीच्या रोगाचे. या रोगात ताप येई, सगळ्या अंगावर फोड उठत आणि अंगाची आग होई. पुष्कळ रोगी मरत. जे जगत त्यांच्या तोंडावर व्रण राहत. काहींचे डोळे जात. एवढा भयंकर रोग, पण त्याचे नाव काय? ‘देवी’! रोग झाला असे म्हणत नसत. “देवी आल्या” असे म्हणत, जणू काही पाहुणीच आली. या देवीचे नाव ‘शितळा’. शीतल म्हणजे थंड. आग लावणाऱ्या रोगाला थंडाव्याचे नाव! रोगाला गोड नाव दिले म्हणजे तो शांत होईल, अशी लोकांची आशा होती.

लोकांची भीती आपण समजू शकतो. त्या काळी त्यांच्या हातात दुसरे काय होते? पण पुढे लस आली. तेव्हा काही लोक म्हणाले, “टोचून घेतलं तर देवीचा कोप होईल.” येथे गोड नाव माणसाच्या आड आले. आरोग्यसेवक गावोगाव, घरोघर फिरले. त्यांनी लोकांना समजावले आणि टोचले. भारतात १९७५ साली देवीचा शेवटचा रोगी सापडला. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले, की देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला. वयस्क माणसांच्या दंडावर टोचल्याच्या खुणा अजून दिसतात. रोग गेला तो लसीने गेला; गोड नावाने गेला नाही.

मायेचे शब्द

घरात कोणी मरण पावले, तर आपण ‘मेले’ म्हणत नाही. वारले, निवर्तले, देवाघरी गेले, डोळे मिटले असे म्हणतो. फार म्हातारे माणूस गेले तर “पिकलं पान गळालं” म्हणतो. पत्रात ‘कैलासवासी’ किंवा ‘वैकुंठवासी’ लिहितो.

हे शब्द मायेचे आहेत. ज्याच्या घरी दुःख आहे, त्याच्या जखमेवर आपला शब्द घासू नये, म्हणून ते आहेत. खरी गोष्ट दोघांनाही ठाऊक असते. कोणी कोणाला फसवत नाही. असे शब्द जपावे. ‘मेला’ हा शब्द आपण शिवीसाठी ठेवतो, यावरूनच तो माणसाला किती लागतो हे कळते.

तरी येथेही एक गोष्ट लक्षात ठेवावी. कागदाला माया कळत नाही. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत ‘मृत्यू’ अशीच नोंद करावी लागते, आणि ती २१ दिवसांच्या आत करावी लागते. पुढे वारसाच्या नोंदीला, विम्याला, बँकेतल्या पैशाला तोच दाखला लागतो.

स्त्री गरोदर राहिली, की “तिला दिवस गेले” म्हणतात. “ती दोन जिवांची आहे” म्हणतात. किती सुंदर शब्द आहे! ‘दोन जिवांची’ म्हटले, की तिला दोघांपुरते खायला द्यावे, जड उचलू देऊ नये, हे आपोआप मनात येते. हा मऊ शब्द काही झाकत नाही. उलट तो घराला तिची काळजी घ्यायला सांगतो.

लाजेचे शब्द

शरीराच्या काही गोष्टींची आपल्याला लाज वाटते. म्हणून आपण ‘परसाकडे’ जातो. परस म्हणजे घरामागची जागा. आपण कोठे जातो ते सांगतो, कशाला जातो ते सांगत नाही. शिकलेली माणसे ‘शौचाला’ जातात. संस्कृतात ‘शौच’ या शब्दाचा अर्थ स्वच्छता. घाणीच्या गोष्टीला स्वच्छतेचे नाव दिले. पण वापरून वापरून तो शब्दही मळला. आता पुष्कळ लोकांना ‘शौच’ म्हणायलाही अवघड वाटते. ते म्हणतात, “बाथरूमला जाऊन येतो.” मऊ शब्दाचे असेच असते. धुतलेले कापड जसे पुन्हा मळते, तसा तोही मळतो. मग लोक नवा शब्द शोधतात.

एवढ्यापर्यंत ठीक आहे. चारचौघांत काही गोष्टी झाकून बोलणे ही सभ्यता आहे. पण लाजेचे शब्द दुखण्यावर पांघरूण घालू लागले, की ते जिवावर बेततात. बायकांच्या बाबतीत हे फार घडते.

पाळीला ‘पाळी’ म्हणायला बायका लाजतात. “कावळा शिवला”, “बाहेरची आहे”, “अडचण आहे” असे म्हणतात. लहानपणापासून हेच ऐकले, म्हणजे मुलीला वाटते की हे काहीतरी वाईट आहे, याबद्दल बोलायचे नसते. पुढे मोठेपणी काही दुखणे झाले, तरी ती बोलत नाही. फार झाले तर म्हणते, “अंगावरून जातं.” काय जाते? पांढरे जाते की लाल जाते? किती दिवस जाते? दुर्गंधी येते का? हे ती सांगत नाही, आणि घरचे विचारत नाहीत.

अंगावरून जाते, आणि बाई ते दुखणे अंगावर काढते. महिने जातात. पाळी कायमची थांबल्यावर जर पुन्हा रक्त जाऊ लागले, तर ते साधे दुखणे समजू नये. कदाचित त्यात विशेष काही नसेल. पण गर्भाशयाच्या कर्करोगाचीही ती खूण असू शकते. हा रोग लवकर कळला तर बरा होऊ शकतो. म्हणून अशा वेळी लाज बाजूला ठेवावी आणि डॉक्टरला सरळ सांगावे : “माझी पाळी बंद झाली होती. आता पुन्हा रक्त जातं. इतके दिवस झाले.” ही तीन वाक्ये पाठ करून ठेवावी. बोलायला अगदीच जड वाटले, तर कागदावर लिहून न्यावी. आता आपल्याला लिहिता येते, त्याचा असाही उपयोग आहे.

घरातल्या पुरुषांनीही हे वाचावे. बाई “जरा अडचण आहे” म्हणाली आणि चार महिने तेच म्हणत राहिली, तर कसली अडचण हे मायेने विचारावे.

नुसता शब्द बदलून भागते का?

कुष्ठरोगाला पूर्वी ‘महारोग’ म्हणत. या रोगाने हातापायांची बोटे झडत. लोक रोग्याला गावाबाहेर काढत. पुढे ‘महारोग’ हा शब्द कठोर वाटू लागला, म्हणून ‘कुष्ठरोग’ म्हणू लागले. शब्द बदलला, पण रोगी काही त्यामुळे गावात परत आला नाही. त्याच्यासाठी माणसांनाच बदलावे लागले. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोरा येथे जी संस्था काढली, तिच्या नावात त्यांनी जुनाच शब्द ठेवला : महारोगी सेवा समिती. शब्द जुना, पण काम नवे. आनंदवनात रोग्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, घरे बांधली. आज कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तेथे टोचलेले कळत नसेल, तर तो झाकू नये, दाखवावा.

आता बांगडीची गोष्ट पाहा. सवाष्ण बाईची बांगडी फुटली, तर ती “बांगडी फुटली” म्हणत नाही, “बांगडी वाढली” म्हणते. मंगळसूत्र तुटले तर “मंगळसूत्र वाढलं” म्हणते. असे का? कारण बांगड्या फोडणे आणि मंगळसूत्र तोडणे हे शब्द एकाच प्रसंगासाठी ठेवलेले आहेत. नवरा वारला, की बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचे, मंगळसूत्र तोडायचे, जोडवी काढायची. त्या प्रसंगाची सावलीसुद्धा नको, म्हणून ‘वाढली’.

आणि ज्या बाईवर तो प्रसंग खरोखर येतो, तिला आपण काय देतो? एक मऊ शब्द देतो. तिच्या नावामागे ‘सौ.’ होते, तेथे ‘गं. भा.’ लिहितो. गं. भा. म्हणजे गंगा भागीरथी. नाव पवित्र नदीचे. पण हळदीकुंकवाला या गंगेला कोणी बोलावत नाही. मुलाच्या लग्नात ती मागे उभी राहते. २०२३ च्या एप्रिल महिन्यात महाराष्ट्रात अशी सूचना पुढे आली होती, की विधवा स्त्रियांना ‘गंगा भागीरथी’ म्हणावे. तेव्हा पुष्कळ लोकांनी तिच्यावर टीका केली. नाव बदलून बाईचे जिणे कसे बदलणार, हा प्रश्न होता.

जिणे कसे बदलते, ते एका गावाने त्याच्या आधीच दाखवले होते. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. २०२२ च्या मे महिन्यात तेथील ग्रामपंचायतीने ठराव केला, की आमच्या गावात नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद. ठरावात वाढवणे-बिढवणे असले शब्द नव्हते. जे करतात तेच लिहिले, आणि ते बंद म्हटले. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितले. वाईट चाल मोडायची, तर आधी तिचे खरे नाव घ्यावे लागते.

लबाडीचे शब्द

काही मऊ शब्द भीतीचे नाहीत, मायेचे नाहीत, लाजेचेही नाहीत. ते लबाडीचे आहेत.

एखाद्या कचेरीत काम अडते. कोणी म्हणतो, “साहेबांच्या चहापाण्याचं बघा.” कोणी म्हणतो, “कागदावर जरा वजन ठेवा.” चिरीमिरी म्हणतात, हात ओले करणे म्हणतात. या सगळ्याचे खरे नाव एकच : लाच. चहा दहापंधरा रुपयांचा, आणि चहापाणी पाच हजारांचे, असे कसे? ‘चहापाणी’ म्हटले की मागणाऱ्याला लाज वाटत नाही, आणि देणाऱ्याला राग येत नाही. हेच त्या शब्दाचे काम.

कायदा मात्र मऊ शब्द ऐकत नाही. लाच घेणे हा गुन्हा आहे. २०१८ साली कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून देणाराही गुन्हेगार ठरतो. कोणी जबरदस्तीने लाच द्यायला लावली असेल, तर सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्याला त्यातून सूट आहे. महाराष्ट्रात १०६४ या क्रमांकावर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला फोन करता येतो.

दुसरा लबाडीचा शब्द लग्नाच्या बैठकीत ऐकू येतो. “आमचं काही मागणं नाही हो. तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या. मानपान तेवढा नीट करा.” हुंडा हा शब्द कोणीच उच्चारत नाही. मग मानपान म्हणून सोने ठरते, हौस म्हणून गाडी ठरते. मुलीचा बाप शेत गहाण टाकतो. त्यालाही कोणी कर्ज म्हणत नाही, ‘सोय केली’ म्हणतात.

१९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला. त्यात असे म्हटले आहे, की लग्नाच्या संबंधाने उघड किंवा आडून जी संपत्ती दिली किंवा कबूल केली, तो हुंडाच. लग्नाआधी दिली, लग्नात दिली, लग्नानंतर दिली, तरी तेच. त्याला मानपान म्हणा की हौस म्हणा. घेणारा आणि देणारा दोघेही गुन्हेगार. किमान ५ वर्षांची कैद आणि दंड अशी शिक्षा कायद्यात सांगितली आहे. न मागता, खुशीने दिलेल्या भेटी वेगळ्या. पण त्यांचीही यादी करावी, असा नियम आहे. यादी केली म्हणजे शब्दांचा खेळ संपतो आणि वस्तू दिसू लागतात.

छापील कागदावरही असे शब्द भेटतात. भाव वाढवले तर ‘दरात सुधारणा’ लिहितात. सुधारणा कोणाची झाली? कामगाराला घरी बसवले तर ‘स्वेच्छानिवृत्ती’ लिहितात. काही जण खरोखर खुशीने जातात. पण काहींची इच्छा कोणी विचारलेलीच नसते. अशा कागदावर सही करण्याआधी विचारावे : “याचा साध्या बोलीत अर्थ काय?” अर्थ कळेपर्यंत सही करू नये, अंगठाही उठवू नये.

पारख कशी करावी?

मऊ शब्द ऐकला, की मनाशी तीन प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न : खरी गोष्ट दोघांनाही ठाऊक आहे काय? ‘देवाघरी गेले’ हे दोघांनाही कळते. मग तो शब्द चांगला.

दुसरा प्रश्न : या शब्दामुळे इलाजाला उशीर होतो काय? होत असेल, तर तो शब्द घरी ठेवावा आणि दवाखान्यात सरळ बोलावे.

तिसरा प्रश्न : शब्द मऊ झाला, त्याचा फायदा कोणाला? दुःखी माणसाला झाला, तर ती माया. घेणाऱ्याला झाला, तर ती लबाडी.

दुकान वाढवणारा वाणी कोणाचे नुकसान करत नाही. त्याने खुशाल दुकान वाढवावे. आपणही निघताना ‘येतो’च म्हणावे. पण साप चावला तर साप म्हणावे, रक्त जाते तर रक्त म्हणावे, लाच मागितली तर लाच म्हणावे.

शब्दांचे अर्थ

पर्यायोक्ती — एखादी गोष्ट आडवळणाने सांगणे.
प्रतिविष — विष उतरवणारे औषध.
अंगावर काढणे — इलाज न करता दुखणे सोसणे.
कित्ता गिरवणे — दुसऱ्याने केले तसे करणे.

विचार करा आणि सांगा

१. तुमच्या घरात कोणते शब्द उच्चारू देत नाहीत? त्यांच्या जागी काय म्हणतात?
२. ‘दोन जिवांची’ आणि ‘चहापाणी’ हे दोन्ही मऊ शब्द आहेत. त्यांत फरक काय?
३. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात नेले, तर डॉक्टरला काय काय सांगाल? तीन वाक्ये लिहा.
४. हेरवाड गावाच्या ठरावासारखा ठराव तुमच्या गावात मांडायचा झाला, तर तो कशाबद्दल मांडाल? मऊ शब्द न वापरता लिहा, आणि वर्गात वाचून दाखवा.